न उघडलेला खोका

जुनी नाणी, टपालाची तिकिटे, ग्रामोफोनच्या तबकड्या, फार तर अडकित्ते आणि दौती जमवणाऱ्या गृहस्थाविषयी आपल्या मनात एक प्रकारचा आदर असतो. त्याच्या छंदामागे इतिहास आहे, हे आपण न सांगताच मान्य करतो. परंतु पन्नाशी उलटलेला एखादा मनुष्य कपाटातून पुठ्ठ्याचा एक मोठा खोका दोन्ही हातांनी जपून काढतो, त्याच्या झाकणावरील रंगीत चित्र आपल्याला दाखवतो आणि खोका न उघडताच पुन्हा जागच्या जागी ठेवतो, तेव्हा आपल्याला हसू आवरत नाही. त्या खोक्यात असते खेळण्यातली एक मोटार. तीही जोडलेली नाही. नुसते सुटे भाग. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी जपानातील कारखान्यातून ते जसे निघाले तसेच आजही आपापल्या पिशव्यांत पडून आहेत. आणि एवढ्यासाठी या गृहस्थाने कदाचित एखाद्या वापरलेल्या स्कूटरची किंमत मोजलेली असते.

हा वेडेपणा आहे की विवेक, याचा निवाडा करण्यापूर्वी ही वस्तू म्हणजे नेमके काय, हे समजून घेणे बरे. मी ज्यांविषयी बोलणार आहे ते बिनतारी नियंत्रणाने चालणाऱ्या मोटारींचे जुने जुळणी-संच होत.

श्रोतेहो, माझा आवाज ज्या तत्त्वावर आपल्या घरात पोचतो, त्याच तत्त्वावर ही मोटारही धावते. चालवणाऱ्याच्या हातात एक छोटा प्रक्षेपक असतो आणि मोटारीच्या पोटात एक ग्राहकयंत्र. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्यावरची एक छोटी होडी अशाच बिनतारी आज्ञांनी चालवून दाखवली होती. त्यानंतरची सात-आठ दशके या कल्पनेचा उपयोग मुख्यतः सैन्याने आणि विमानांच्या प्रतिकृती उडवणाऱ्या हौशी मंडळींनी केला. मोटारीच्या बाबतीत दोनच आज्ञा पुरतात: एक डावी-उजवीकडे वळण्याची, दुसरी वेग कमी-अधिक करण्याची. प्रक्षेपकावरील दांडी हलवली की मोटारीतील सर्व्हो नावाची बोटभर पेटी आपला चिमुकला हात तितक्याच अंशाने हलवते. एक हात पुढची चाके वळवतो. दुसरा हात एका सरकत्या कळीला ढकलतो, आणि विजेचा प्रवाह चिनी मातीच्या आवरणातील रोधकांतून कमी-अधिक होऊन विद्युत्-चालकाकडे जातो. गाडी मंद चालवावी तेव्हा वाचलेली वीज साठत नसे. ती उष्णता होऊन रोधकात जळून जाई. जुन्या काळच्या मुलांना हे शास्त्र पुस्तकातून शिकावे लागले नाही. रोधकाला बोट लागले की ते कळे.

लहरींचीही एक गंमत सांगण्याजोगी आहे. त्या काळच्या बहुतेक संचांना सत्तावीस मेगाहर्ट्झचा पट्टा मिळालेला असे, आणि त्यात सहा उपमार्ग पाडलेले असत. प्रत्येक उपमार्गाला एक रंग: तपकिरी, तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. प्रक्षेपकात आणि ग्राहकयंत्रात त्या त्या उपमार्गाचा स्फटिक बसवायचा आणि अँटेनावर त्याच रंगाची फीत बांधायची. मैदानात दोघांनी पिवळी फीत बांधली, तर एकाची गाडी दुसऱ्याच्या हुकमाने सैरावैरा धावू लागे. त्यामुळे खेळ सुरू करण्यापूर्वी एकमेकांना विचारण्याचा एक शिष्टाचार आपोआप रुजला. आजच्या २.४ गिगाहर्ट्झच्या यंत्रांना याची गरज उरलेली नाही. ती आपली जोडी स्वतःच ओळखतात.

अशी मोटार बाजारात प्रथम आणण्याचे श्रेय सहसा इटलीतील रेज्जो एमिलिया या गावच्या एलेत्रोनिका जोकातोली या कंपनीला देतात. १९६६ साली तिने फेरारी २५० एलएम या शर्यतीच्या गाडीची बारांश प्रतिकृती विक्रीस काढली. परंतु ही वस्तू घरोघर पोचली ती जपानातून, आणि जपानातही मुख्यतः एका गावातून. त्या गावाचे नाव शिझुओका.

शिझुओका हे डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये वसलेले शहर चहासाठी प्रसिद्ध आहे. तितकेच ते लाकूडकामासाठीही. तेथील सेंगेन देवस्थानाच्या सतराव्या शतकातील उभारणीसाठी दूरदूरचे सुतार आणि लाखकाम करणारे कारागीर आले, आणि काम संपल्यावर त्यांतले पुष्कळ तेथेच राहिले, असे गावकरी सांगतात. या परंपरेतच योशिओ तामिया यांनी १९४६ साली लाकूड कापण्याचा धंदा काढला. दोन वर्षांनी त्याला जोड म्हणून जहाजांच्या आणि मोटारींच्या लाकडी प्रतिकृती ते विकू लागले. १९५१ मध्ये आग लागली आणि लाकडाचा साठा भस्मसात झाला. मोठा व्यापार पुन्हा उभा करण्याचे बळ उरले नव्हते. ज्याला थोडे लाकूड पुरते तो खेळण्यांचा धंदा तेवढा हाती राहिला. पुढे अमेरिकेहून प्लॅस्टिकच्या प्रतिकृती येऊ लागल्या आणि लाकडाचेही दिवस भरले. १९६० साली यामातो या युद्धनौकेचा पहिला प्लॅस्टिकचा संच तामियांनी काढला. आज जपानातील प्लॅस्टिक-प्रतिकृतींचे बहुतांश उत्पादन या एका शहरात आणि त्याच्या आसपास होते. एका आगीने एवढे घडवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ती आग लागली नसती तर तामिया हे नाव लाकडाच्या वखारीवर राहिले असते, असे मला वाटते.

योशिओंचे चिरंजीव शुन्साकु तामिया यांना अचूकपणाचा ध्यास होता. पोर्शे ९३४ या गाडीची बारांश प्रतिकृती करावयाची ठरली, तेव्हा छायाचित्रे आणि मापे पुरेशी वाटेनात. म्हणून त्यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती पार खिळखिळी करून एकेक भाग मोजला. मोजून झाल्यावर ती पुन्हा जोडता येईना. शेवटी पोर्शेचे तंत्रज्ञ बोलवावे लागले. ही हकीकत खुद्द शुन्साकुंनी आपल्या आत्मकथनात सांगितली आहे. त्याच प्रतिकृतीच्या कवचाखाली विद्युत्-चालक आणि बिनतारी यंत्रणा बसवून १९७६ च्या अखेरीस त्यांनी पोर्शे ९३४ टर्बो आरएसआर हा संच बाजारात आणला. त्याचा अनुक्रमांक ५८००१. पहिल्याच वर्षात एक लाखाहून अधिक संच विकले गेले, असे कंपनी सांगते. तो अनुक्रम पुढे चालूच राहिला, आणि संग्राहकांच्या बोलण्यात गाडीच्या नावाइतकाच हा पाच अंकी क्रमांक येतो. शुन्साकु २०२५ मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी निवर्तले.

या सगळ्या संचांतील शिरोमणी कोणता, असे मला कोणी विचारले तर मी पोर्शेचे नाव घेणार नाही. तो मान १९७९ मध्ये निघालेल्या एका जोडीचा आहे. एकाचे नाव जपानबाहेर रफ रायडर, जपानात बग्गी चँप; दुसऱ्याचे सँड स्कॉर्चर, क्रमांक ५८०१६. दोहोंची घडण फुमितो ताकी या अभियंत्याची. तोवरच्या बहुतेक गाड्या गुळगुळीत जमिनीवर धावत. ताकींनी गाडीला माती, वाळू आणि डबकी दिली. मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात १९६७ पासून दीर्घ पल्ल्याच्या शर्यती होतात. तेथे कापूनछाटून हलक्या केलेल्या फोक्सवागन बीटल गाड्या पळवतात. सँड स्कॉर्चर ही त्यांचीच छोटी बहीण. तिच्या पुढच्या चाकांना आधार देणारे दुहेरी बाहू खऱ्या फोक्सवागनच्या रचनेबरहुकूम होते आणि ते प्लॅस्टिकचे नव्हते, ओतीव धातूचे होते. तळपट्टी काचतंतूंची. धक्के शोषणाऱ्या नळ्यांत खरेच तेल भरायचे. ग्राहकयंत्र आणि सर्व्हो एका पारदर्शक, झाकणबंद डबीत. गाडी डबक्यात शिरली तरी आत पाणी जाऊ नये म्हणून.

ही डबी पारदर्शक ठेवण्यात काय हशील होते, असा प्रश्न कोणी विचारील. मला त्यातच या संचांचे सारे मर्म दिसते. मुलाने ती जोडली होती. तिच्या आत काय चालले आहे ते त्याला दिसावयास हवे होते. पेटी उघडून खेळायला लागण्याजोगे खेळणे आणि हा संच यांत मोठे अंतर आहे. संच विकत आणणाऱ्याला चौकटीवरून भाग कापावे लागत, कानशीने कडा घासाव्या लागत, पुस्तिकेतील आकृत्या क्रमाने वाचाव्या लागत. बिनतारी यंत्रणा आणि बॅटरी तर वेगळ्याच विकत घ्याव्या लागत. १९८४ मध्ये निघालेल्या ग्रासहॉपर आणि हॉर्नेट या स्वस्त गाड्यांनी लक्षावधी मुलांना या दालनात आणले. हॉर्नेटच्या मागील पेटीत डिफरन्शियल स्वतः जोडावे लागे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्याहून अधिक अंतर कापावे लागते, मग एकाच आसावरची दोन चाके निरनिराळ्या वेगांनी कशी फिरणार, हे कोडे शाळेच्या फळ्यावर सोडवायला अर्धा तास लागतो. हातात चार छोटी तिरकस दातांची चक्रे घेऊन, त्यांना वंगण लावून, एक चाक धरून दुसरे फिरवले की ते एका क्षणात उलगडते. १९८१ च्या टोयोटा हायलक्स संचात तर तीन वेगांची खरी गिअरपेटी होती आणि पाटे-स्प्रिंगा होत्या. गिअर बदलण्यासाठी प्रक्षेपकावर तिसरा मार्ग लागे. असा संच जोडण्यास प्रौढ माणसालाही अनेक संध्याकाळी द्याव्या लागतात.

इतर कंपन्यांचाही उल्लेख केला पाहिजे. जपानच्याच क्योशो या कंपनीची १९८२ ची स्कॉर्पियन, आणि अमेरिकेतील असोसिएटेड कंपनीची १९८४ ची आरसी-१०. ही दुसरी गाडी शोभेची नव्हती. सोनेरी मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची तिची होडीसारखी तळपेटी शर्यतीसाठीच घडवलेली होती, आणि १९८५ मधील पहिल्या जागतिक स्पर्धेत दोन चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचे अजिंक्यपद तिने मिळवले. तिच्या अगदी आरंभीच्या पेट्यांवर ‘ए’ अक्षराचा ठसा आहे; तो ठसा सापडला की संग्राहकाचा आवाज बदलतो.

भारतात मात्र त्या वर्षांत हे संच सहसा दिसत नसत. आयातीवरील निर्बंध १९९१ पासून सैल होऊ लागले. तोवर बोटीवर नोकरी करणारा मामा किंवा आखातात गेलेला काका यांच्या बॅगेतून आला तरच तो खोका येथल्या एखाद्या मुलाच्या हाती पडे. त्यामुळे आपल्याकडील संग्राहकाला जुना माल जवळपास नेहमी परदेशातूनच मिळवावा लागतो.

आता दुर्मीळतेचा प्रश्न. ज्या वस्तू लाखांनी विकल्या गेल्या त्या दुर्मीळ कशा झाल्या? उत्तर सोपे आहे: त्या वापरल्या गेल्या. गाडी जोडली, अंगणात धावली, पायरीवरून पडली, पुढचा बाहू तुटला. मुलाचे वय वाढले, परीक्षा आल्या, गाडी माळ्यावर गेली. खोका तर त्याहून आधीच गेला. त्यात कोणी चपला ठेवल्या असतील, कोणी तो रद्दीत दिला असेल. न जोडलेला संच शिल्लक राहण्यासाठी काहीतरी अनपेक्षित घडावे लागते. एखादे दुकान बंद पडून माल गोदामात विसरला जातो. किंवा वाढदिवसाला दिलेली भेट कोणी कधी उघडतच नाही. म्हणजे संग्राहक ज्याला उत्तम म्हणतो, तो संच बहुधा कोणाच्या तरी आनंदात खंड पडल्यामुळे वाचलेला असतो. ही गोष्ट मला नेहमी थोडी चुटपूट लावते.

आणि वाचलेला तरी कितपत? खोका बंद आहे म्हणजे काळ बाहेर थांबला आहे, ही समजूत भाबडी आहे. रबराचे टायर न फिरताही वयाने कठीण होतात, आणि जेथे ते दुमडलेले असतात तेथे हवेतील ओझोन त्यांना तडे पाडतो. मऊ व्हिनिलचा किंवा रबराचा भाग कठीण प्लॅस्टिकला वर्षानुवर्षे टेकून राहिला, तर मऊपणा आणणारे द्रव्य त्यातून पाझरते आणि शेजारच्या भागावर वितळल्यासारखा डाग उमटतो. बंद खोक्यात हे अधिकच घडते, कारण कोणी भाग हलवलेले नसतात. चिकटचित्रांचा कागद पिवळा पडतो, त्यामागचा डिंक वाळतो. पांढरे कवच प्रकाशाने पिवळसर होते. नायलॉनचे भाग आपल्या अंगातील ओलावा हरवून ठिसूळ होतात. वंगण सुकून मेणासारखे होते. जुन्या गाडीत कोणी निकेल-कॅडमियमची बॅटरी विसरला असेल, तर तिच्यातून झिरपलेला दाहक क्षार तारांच्या आतून चढत जातो आणि तांबे काळे करतो. आपल्याकडे, विशेषतः कोकणपट्टीत, यात पावसाळ्याची भर. दमट हवेने पुठ्ठा फुगतो, झाकण वाकते, कसर कागद खाते. आणि वाळवीला जपानी चित्रकलेची कदर नाही. मुंबईच्या संग्राहकाला शत्रू शोधायला दूर जावे लागत नाही.

म्हणून जाणता ग्राहक खोक्याच्या चकचकीतपणावर भुलत नाही. आतील पिशव्यांची तोंडे मूळ अवस्थेत आहेत काय, पुठ्ठ्यावरील पारदर्शक आवरणाखाली चालक आणि धातूचे भाग जागच्या जागी आहेत काय, पुस्तिका आहे काय, चालकाच्या बाहुलीचे डोके आहे काय, वंगणाची नळी आणि षट्कोनी पाना आहे काय, हे तो पाहतो. पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक कवच असेल तर त्याची परीक्षा आणखी कडक. असे कवच आतून रंगवायचे असते, आणि एकदा रंग लागला की तो काढणे महाकठीण. चुकीचे द्रावण लावले तर काचेसारख्या त्या पृष्ठभागावर बारीक जाळे पडते. त्यामुळे न कापलेले, न रंगवलेले हॉर्नेटचे जुने कवच एकटेसुद्धा चांगली किंमत आणते.

या साऱ्या बाजारात २००४ पासून एक नवी गोष्ट शिरली. तामियांनी हॉर्नेटचा संच पुन्हा काढला. त्यामागून ग्रासहॉपर आणि फ्रॉग आले. २००७ मध्ये हॉटशॉट, २००९ मध्ये बग्गी चँप हेच नाव जगभर धारण करून जुना रफ रायडर, २०१० मध्ये सँड स्कॉर्चर, २०१२ मध्ये हायलक्सच्या कुळातील ब्रुझर. असोसिएटेड आणि क्योशो यांनीही आपापल्या जुन्या गाड्या पुन्हा बाजारात आणल्या. ज्यांनी बंद खोके गुंतवणूक म्हणून जमवले होते त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, आणि ज्यांच्या जुन्या गाड्या एका तुटक्या बाहूसाठी वर्षानुवर्षे पंगू होऊन पडल्या होत्या त्यांना सण झाला. कारण नव्या संचाचे अनेक भाग जुन्या गाडीला चालतात. या दोघांपैकी माझी सहानुभूती कोणाकडे आहे हे सांगावयास नकोच.

तथापि पुनर्निर्मिती म्हणजे जशीच्या तशी नक्कल नव्हे. जुन्या यांत्रिक वेगनियंत्रकाची जागा इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाने घेतली आहे. ज्या तेल-टायर कंपन्यांची चिन्हे मूळ चिकटचित्रांवर होती, त्यांतली काही परवानगीअभावी गेली किंवा बदलली. ओळखण्याची सर्वांत साधी खूण खोक्यावरच छापलेली असते: मूळ हॉर्नेट ५८०४५, नवा ५८३३६, मूळ सँड स्कॉर्चर ५८०१६, नवा ५८४५२. खोका नसेल तेव्हा मात्र डोळे लागतात. जुन्या सांगाड्यावर नवे भाग चढवून संपूर्ण गाडी ‘अस्सल १९७९’ म्हणून विकणारे महाभाग सर्व देशांत आहेत. जे विक्रेते कोणते भाग मूळ आणि कोणते नवे हे आपणहून सांगतात, त्यांच्याकडून चार पैसे अधिक देऊन घ्यावे.

अखेर तो एक प्रश्न उरतो, ज्यावर संग्राहकांच्या दोन तुकड्या पडल्या आहेत: खोका उघडावा की उघडू नये? न उघडणाऱ्यांचे म्हणणे असे की, जोडलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. कारखान्यातून निघालेली मूळ अवस्था थोड्याच ठिकाणी उरली आहे, आणि एकदा कात्री लागली की ती कोणालाही परत आणता येणार नाही. भाग कोणत्या क्रमाने बांधले होते, पिशवीवर काय छापले होते, मूळ रंगाची छटा कोणती, हे उद्या कोणाला जाणून घ्यावयाचे असेल तर पुरावा हवा. हा युक्तिवाद खोटा नाही. वस्तुसंग्रहालयाला तो शोभतो. परंतु प्रत्येक घर हे संग्रहालय नव्हे. जी वस्तू जोडण्यासाठीच जन्मली, तिची जोडणी कायमची पुढे ढकलणे म्हणजे पुस्तकाची पाने न कापता ते जपण्यासारखे आहे. प्रत उत्तम राहते, मजकूर कोणी वाचत नाही. शिवाय ही वस्तू दिवसेंदिवस जोडण्यास अधिकाधिक अयोग्य होत आहे. आज ठिसूळ झालेले नायलॉन आणखी वीस वर्षांनी स्क्रू फिरवताच चिरेल. आणि तेव्हा ही गाडी कशी जोडावी हे हाताने जाणणारी, आज पन्नास-साठीत असलेली पिढीही फारशी उरलेली नसेल. किंमत बहुतांशी तिच्याच आठवणींवर टिकून आहे, हे गुंतवणूकदारांनी ध्यानात घ्यावे.

ज्याच्याजवळ दोन संच आहेत त्याने एक बंद ठेवावा. ज्याच्याजवळ एकच आहे आणि घरात दहा-बारा वर्षांचे मूल आहे त्याने तो उघडावा, असे मी म्हणेन. पुष्कळ जाणकार आज एक मधला मार्ग चोखाळतात, तो मला पसंत आहे. संच उघडायचा, परंतु मूळ टायर, मूळ चिकटचित्रे आणि न कापलेले कवच बाजूस काढून, एकमेकांना टेकणार नाहीत अशा बेताने, आम्लविरहित कागदात गुंडाळून खोक्यात परत ठेवायची. टायर, चित्रे आणि कवच पुनर्निर्मित संचाची वापरायची. बिनतारी यंत्रणा आजची घ्यायची, पण जुना प्रक्षेपक मिळाला तर त्याचा रंगीत स्फटिक टाकून द्यायचा नाही. पुस्तिकेची छायाप्रत काढून तीवर तेलकट बोटे उमटू द्यायची. मूळ पुस्तिका कोरडी राहते.

आणि जोडणीस बसण्यापूर्वी एक दिवस आधी नायलॉनचे भाग चौकटीसकट पातेल्यात घालून उकळावे. साधारण अर्धा तास पुरतो. कठीण प्लॅस्टिकचे कवच किंवा पारदर्शक भाग चुकूनही त्यांत जाऊ देऊ नयेत, ते वाकतात. उकळल्याने नायलॉन पाणी पिते आणि त्याचा हरवलेला चिवटपणा पुष्कळसा परत येतो. गॅस बंद करून पातेले तसेच रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी भाग पुसून घ्यावेत, आणि एखादा बाहू बोटांत धरून हलकेच वाकवून पाहावा. तो वाकून परत सरळ झाला, तर पुस्तिकेचे पहिले पान उघडायला हरकत नाही.